प्रश्न लोकांनी निवडला, मोजपट्टी कोणी आखली? लाँजिट्यूड प्राइझ, २०१४ ते २०२४

२२ मे २०१४ च्या रात्री बीबीसीच्या ‘होरायझन’ या विज्ञानमालिकेने ब्रिटनमधल्या प्रेक्षकांसमोर सहा प्रश्न ठेवले. पर्यावरणाला धक्का न लावता विमानप्रवास कसा करता येईल? सगळ्यांना पौष्टिक अन्न मिळेल आणि जमीनही टिकेल, हे कसं साधायचं? जंतू अँटिबायोटिक औषधांना दाद देईनासे झालेत, ते कसं थांबवायचं? ज्यांच्या शरीराची हालचाल गेली आहे, त्यांना ती परत कशी मिळवून द्यायची? पिण्याचं शुद्ध पाणी प्रत्येकापर्यंत कसं पोचवायचं? आणि डिमेन्शिया, म्हणजे स्मृती हळूहळू हरवत जाण्याचा आजार, झालेल्या माणसाला जास्तीत जास्त काळ स्वतःच्या घरात, स्वतःच्या बळावर कसं राहता येईल?

यातला एक निवडायचा. ज्याला सर्वाधिक मतं, त्याच्यामागे एक कोटी पौंडांचा निधी. तेव्हाच्या दराने हे जवळपास शंभर कोटी रुपये होतात. मतदान पाच आठवडे चाललं. २५ जूनला संध्याकाळी बीबीसीच्याच एका कार्यक्रमात निकाल सांगितला गेला: अँटिबायोटिक.

बक्षीस प्रत्यक्ष कुणाच्या तरी हातात पडायला मात्र १२ जून २०२४ उजाडला. दहा वर्षं लागली. विज्ञानाचा पैसा कुठे जावा हे सामान्य माणसाला विचारण्याचा इतका नीट आखलेला आणि तडीस गेलेला प्रयोग माझ्या पाहण्यात दुसरा नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं. मला त्याचं कौतुक आहे. एक गोष्ट खटकतेही: लोकांना एकदाच विचारलं गेलं, तेही सगळ्यात सोप्या वळणावर. अवघड निर्णय त्यानंतर झाले, आणि तेव्हा मतपेटी बंद झालेली होती.

नाव कुठून आलं

लाँजिट्यूड म्हणजे रेखांश. ऑक्टोबर १७०७ मध्ये ॲडमिरल क्लाउडस्ली शॉव्हेल यांच्या ताफ्यातली चार जहाजं सिली बेटांच्या खडकांवर आपटून बुडाली. चौदाशे ते दोन हजार माणसं गेली. समुद्रात आपण उत्तर-दक्षिण कुठे आहोत हे सूर्याच्या आणि ताऱ्यांच्या उंचीवरून कळायचं, पूर्व-पश्चिम किती आलो याचा मात्र अंदाजच बांधावा लागे. जहाजांचे कप्तान आणि लंडनचे व्यापारी यांनी पार्लमेंटकडे अर्ज केला, पार्लमेंटने न्यूटन आणि हॅले यांचं मत घेतलं आणि १७१४ साली कायदा झाला. रेखांश एका अंशाच्या आत सांगता आला तर १० हजार पौंड, दोन-तृतीयांश अंशाच्या आत सांगता आला तर १५ हजार, अर्ध्या अंशाच्या आत सांगता आला तर २० हजार.

या आकड्यांवर जरा थांबायला हवं, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यांच्यावरच उभा आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला ४ मिनिटं आणि अर्धा अंश फिरायला २ मिनिटं. वेस्ट इंडीजपर्यंतचा प्रवास साधारण सहा आठवड्यांचा. निघालेल्या बंदराची वेळ आणि जहाज जिथे आहे तिथली वेळ यांतल्या फरकावरून रेखांश काढता येतो. म्हणून बंदराची वेळ जपणाऱ्या घड्याळाने ही अडचण सोडवायची ठरवली, तर डोलणाऱ्या जहाजावर, बदलत्या उष्णतेत ते दिवसाला सुमारे तीन सेकंदांहून जास्त चुकता कामा नये. लिंकनशायरमधल्या जॉन हॅरिसन या सुतारकाम करणाऱ्या घड्याळजीला नेमकं काय करायचं आहे हे कायद्यानेच सांगून ठेवलं होतं. त्याचं चौथं घड्याळ १७५९ मध्ये तयार झालं. जमैकापर्यंतच्या चाचणीत ते जेमतेम पाच सेकंद मागे पडलं. तरीही बक्षीस देणाऱ्या समितीशी त्याचा झगडा वर्षानुवर्षं चालला आणि १७७३ मध्ये, तो ऐंशीच्या घरात असताना, राजा तिसरा जॉर्ज मध्ये पडल्यावर पार्लमेंटने त्याला ८,७५० पौंड दिले.

१७१४ मध्ये प्रश्न कोणी निवडला? ज्यांची माणसं आणि ज्यांचा माल बुडत होता त्यांनी. आणि मोजपट्टी? ती प्रश्नाबरोबरच आली. २०१४ मध्ये या दोन गोष्टींची फारकत झाली.

सहा प्रश्नांची चाळणी

जून २०१३ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी नव्या लाँजिट्यूड बक्षिसाची कल्पना जाहीर केली. टीव्हीवरच्या गुणदर्शन स्पर्धेत लोक जसे मनापासून गुंततात, तसे त्यांनी विज्ञानाच्या मोठ्या प्रश्नांतही गुंतावं, असा त्यांचा सूर होता. सुरुवातीला रक्कम दहा लाख पौंड होती, पुढे ती दहापट झाली. निधी सरकारच्या तंत्रज्ञान मंडळाचा, म्हणजे आजच्या इनोव्हेट यूकेचा. काम चालवायला ‘नेस्टा’ ही संस्था. आणि राजखगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती.

लोकांसमोर गेलेले सहा प्रश्न या समितीने तज्ज्ञांशी बोलून ठरवले होते. त्यामुळे सहापैकी कोणताही जिंकला असता तरी पैसा वाया गेला नसता. लोकांच्या मताला पैसा बांधायचा तर खाली जाळं हवंच, आणि हे जाळं चांगलं विणलेलं होतं. याची दुसरी बाजू अशी की सातवा प्रश्न सुचवायला जागाच नव्हती. लोकांनी विषयपत्रिका लिहिली नाही, लिहून आलेल्या विषयपत्रिकेवर एका ठिकाणी खूण केली.

मतमोजणीची रीतही साधी होती. एकाला एक मत, सर्वांत जास्त मतांचा विजय. सहा पर्याय असताना जिंकणाऱ्याला निम्म्याहून खूप कमी मतं पडूनही तो जिंकू शकतो. पहिली, दुसरी, तिसरी पसंती विचारली असती तर एक मोलाची माहिती हाती आली असती: पाण्याला मत देणाऱ्यांना दुसरं काय महत्त्वाचं वाटत होतं? स्मृती हरवलेल्या आईवडिलांना सांभाळणारी माणसं पुढे कुठे वळली असती? निकाल कदाचित तोच लागला असता, पण लोकमताचा एक नकाशा हाती राहिला असता. तो राहिला नाही याचं मला वाईट वाटतं.

अँटिबायोटिकच का

मतदारांच्या मनात काय होतं हे मतपेटी सांगत नाही, पण त्या वसंतात हवा कशी होती ते सांगता येतं. इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांनी २०१३ च्या अहवालात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंविषयी कडक शब्दांत इशारा दिला होता. मतदानाच्या तीनच आठवडे आधी, ३० एप्रिल २०१४ ला, जागतिक आरोग्य संघटनेचा या विषयावरचा पहिला जगव्यापी अहवाल आला. आणि पेनिसिलीन ही ब्रिटनची घरचीच गोष्ट आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात १९२८ मध्ये शोधलं आणि १९४५ च्या नोबेल भाषणात त्यांनी स्वतःच बजावलं होतं की अपुरी मात्रा घेतली तर जंतू शिरजोर होतील.

मला आणखी एक कारण मोठं वाटतं. सहापैकी पाच प्रश्न बहुतेक निरोगी मतदारांसाठी परक्या माणसाचे किंवा उद्याचे होते. अँटिबायोटिकचा कोर्स मात्र प्रत्येकाने कधी ना कधी घेतलेला असतो, अर्धवट सोडलेलाही असतो. मत देताना माणसाला स्वतःच्या औषधांचा डबा आठवला असेल.

योगायोग असा की आपल्याकडेही त्याच वर्षी १ मार्चपासून शेड्यूल एच-१ लागू झालं. त्यात घातलेली ४६ औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, विकली की वेगळ्या वहीत नोंद करायची आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची, असा नियम. त्या यादीत नंतरच्या पिढ्यांची कितीतरी अँटिबायोटिक होती. पुढे २०१६ मध्ये औषधाच्या पाकिटावरच्या, ‘चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ असं सांगणाऱ्या लाल रेघेविषयी केंद्र सरकारने मोहीम काढली. एकाच वर्षी ब्रिटनमध्ये लोक या प्रश्नाला मत देत होते आणि इथे मेडिकलवाल्याच्या काउंटरवर एक नवी वही आली होती.

प्रश्नापासून चाचणीपर्यंत

खरं वळण यानंतरचं. ‘अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू कसे रोखायचे’ या प्रश्नाला बक्षीस लावता येत नाही. कोणी जिंकलं हे कसं ठरवणार? रेखांशाच्या प्रश्नाला अंश होते, या प्रश्नाला अंश नव्हते. ते तयार करावे लागले.

नवं औषध शोधणाऱ्याला बक्षीस द्यावं, असं कुणालाही आधी सुचेल. पण नवं अँटिबायोटिक बाजारापर्यंत नेण्याच्या खर्चापुढे एक कोटी पौंड ही किरकोळ रक्कम आहे. शिवाय नवं औषधही जुन्याच सवयीने वापरलं तर काही वर्षांत निकामी होणार. म्हणून निशाणा वळवला गेला तो औषधाच्या आधीच्या क्षणाकडे: डॉक्टर चिठ्ठी लिहितात तो क्षण. त्या वेळी त्यांच्या हातात लक्षणं आणि अनुभव एवढंच असतं. ताप व्हायरसचा की बॅक्टेरियाचा? बॅक्टेरियाचा असेल तर कोणत्या औषधाने तो मरेल? उत्तर लॅबमधून येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात, आणि रुग्ण तर समोर बसलेला असतो.

माझ्या आईच्या बाबतीत हे मी पाहिलं आहे. लघवीला जळजळ आणि थंडीताप म्हणून डॉक्टरांनी लगेच गोळ्या सुरू केल्या आणि कल्चर लावलं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला तेव्हा कळलं की चालू असलेली गोळी त्या जंतूवर लागूच पडत नव्हती. औषध बदललं, ती बरी झाली. डॉक्टरांचं यात काही चुकलं नाही. त्यांच्यापाशी त्या दिवशी दुसरा मार्गच नव्हता. ते तीन दिवस गिळून टाकणारी चाचणी हवी, हे मला कुठल्याही अहवालापेक्षा तेव्हा जास्त कळलं.

तर बक्षिसाची अट अशी ठरली: रुग्णाजवळच करता येईल अशी चाचणी हवी. अचूक, झटपट, परवडणारी, सोपी, आणि जगात कुठेही वापरता येईल अशी. एक कोटीपैकी ८० लाख पौंड विजेत्याला, उरलेले स्पर्धकांना वाटेत हात देण्यासाठी. नोव्हेंबर २०१४ मध्ये दारं उघडली आणि पाच वर्षांत निकाल लागेल असा अंदाज बांधला गेला.

या अटींच्या यादीतला प्रत्येक शब्द हा एकेक निर्णय आहे. परवडणारी म्हणजे कुणाला? लंडनच्या दवाखान्याला की मेळघाटातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला? वीज जाणाऱ्या ठिकाणी यंत्र चालावं का? उष्ण हवेत पट्टी टिकावी का? गोळी नको असं सांगणारी चाचणी हवी की कोणती गोळी हवी हे सांगणारी? यांची उत्तरं बदलली की विजेता बदलतो. सहा प्रश्नांतून एक निवडण्यापेक्षा हे प्रश्न लोकांच्या जास्त ओळखीचे होते. परिचारिका, गावचे डॉक्टर, आजारी पडलेली माणसं यांना यावर ठाम मतं असतात. पाच आठवड्यांच्या मतदानाइतका गाजावाजा या टप्प्याला मिळायला हवा होता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

मतदान ब्रिटनमध्ये झालं आणि ओझं मात्र दुसरीकडे जास्त आहे, हीही गोष्ट इथेच येते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली आलेल्या अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले आणि एकूण ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी त्यांचा संबंध होता. दर लाख लोकसंख्येमागे सर्वाधिक झळ पश्चिम आफ्रिकेला बसली. तिथल्या कुणाला मत नव्हतं. ब्रिटिश मतदारांनी स्वतःपुरता विचार केला असेल किंवा जगाचा; निवड अशी झाली की तिचा उपयोग सगळीकडे व्हावा. ती भाग्याची गोष्ट म्हणायची. मतदानाच्या रचनेने तसं घडवलं, असं म्हणता येत नाही.

दहा वर्षांची वाट

शेवटी मिळणाऱ्या बक्षिसाचा एक स्वभाव असतो: कुणी जिंकेपर्यंत ते पैसे देत नाही. २००४ मध्ये अंतराळविमानासाठी दिलेल्या एक कोटी डॉलरच्या अन्सारी एक्स प्राइझच्या स्पर्धेत सगळ्या संघांनी मिळून दहा कोटी डॉलरहून जास्त खर्च केला होता. ते कौतुकाने सांगितलं जातं. पण खर्च करू शकणारेच तिथे टिकतात. निदानाच्या चाचणीचं तर आणखी कठीण: नुसतं यंत्र चाललं की झालं असं नाही, रुग्णांवर ते सिद्ध करावं लागतं, परवानग्या घ्याव्या लागतात, आणि हे सगळं कंपनीचे पगार चालू ठेवून.

नेस्टाच्या हे लक्षात आलं म्हणून वाटेत छोटी अनुदानं सुरू झाली. त्यातली दहा ते पंचवीस हजार पौंडांची ‘डिस्कव्हरी’ अनुदानं भारताच्या बायरॅक या सरकारी संस्थेबरोबर मिळून दिली गेली. यातून कितीतरी भारतीय संघ या शर्यतीत आले. पुण्याची मॉड्यूल इनोव्हेशन्स ही त्यांपैकी एक. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातल्या व्हेंचर सेंटरमध्ये वाढलेली ही कंपनी मूत्रमार्गाच्या संसर्गाचा जंतू ओळखणारी, बँकेच्या कार्डाएवढी चाचणी बनवत होती. लंडनच्या बक्षिसाच्या यादीत पाषाण रस्त्यावरचं हे नाव वाचून मला जो आनंद झाला तो लपवायचं काही कारण नाही. ब्रिटनमधल्या एका मतदानाने पुण्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेच्या कामाला दिशा आणि थोडं बळ दिलं, हा त्या मतदानाचा परिणाम कुठल्याही मतदाराला तेव्हा दिसला नसेल.

मूत्रमार्गाचा संसर्ग हा विषय अनेक संघांनी निवडला, त्यालाही कारण आहे. जगात वर्षाला चाळीस कोटींहून जास्त लोकांना तो होतो, बायकांना जास्त. नमुना घ्यायला सुई लागत नाही. आणि बहुतेक वेळा गुन्हेगार एकच असतो, ई. कोलाय. मोठा प्रश्न इथे एका पेल्यात मावतो.

दरम्यान मुदत वाढत गेली. २०१९ उलटलं, मग कोविड आला. अर्थतज्ज्ञ जिम ओ’नील यांच्या ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या २०१६ च्या अहवालाने तर म्हटलं होतं की श्रीमंत देशांत २०२० पर्यंत, चाचणी उपलब्ध असेल तिथे, तिच्याशिवाय अँटिबायोटिक लिहिलं जाऊ नये. २०२० आलं आणि गेलं, चाचणी आलीच नव्हती.

विजेता

१२ जून २०२४ ला लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ८० लाख पौंडांचं बक्षीस सिस्मेक्स ॲस्ट्रेगो या कंपनीला जाहीर झालं. कंपनी स्वीडनमधल्या उप्सालाची, विद्यापीठातल्या संशोधनातून २०१७ मध्ये उभी राहिलेली, आणि २०२२ पासून जपानच्या कोबे इथल्या सिस्मेक्सच्या मालकीची.

त्यांच्या पीए-१०० यंत्राची युक्ती अशी: अर्ध्या मिलिलिटरहूनही कमी लघवी एका काडतुसात घालायची. आतल्या चिपवर हजारो सूक्ष्म कप्पे असतात, त्यांत एकेक जंतू अडकतो. काही ओळींत नुसतं अन्नद्रव, काही ओळींत पाच वेगवेगळी अँटिबायोटिक. सूक्ष्मदर्शकाला जोडलेला कॅमेरा पाहत राहतो की कुठला जंतू वाढतोय आणि कुठला थबकला. थव्याची वाढ डोळ्यांना दिसेपर्यंत थांबायचं नाही, एकेका पेशीची वाढ मोजायची. वेळ वाचतो तो इथे. संसर्ग आहे की नाही हे १५ मिनिटांत आणि कोणतं औषध लागू पडेल हे पाऊण तासात कळतं. आईचे ते तीन दिवस पाऊण तासावर आले.

तरी लोकांनी मत दिलं होतं त्या प्रश्नाचा हा एक कोपराच आहे. घसादुखी, न्यूमोनिया, नवजात बाळाचा सेप्सिस, सगळे बाहेर राहिले. पीए-१०० हे टेबलावर ठेवायचं, विजेवर चालणारं यंत्र आहे, काडतूस दर वेळी नवं लागतं. ज्या दवाखान्यात लॅब नाही तिथे ते कधी आणि किती पैशांत पोचेल, यावर बक्षिसाचा खरा हिशेब लागेल. माझ्या मते विजेता योग्य आहे. २०१४ च्या अटींत ‘जगात कुठेही’ हा शब्द होता, म्हणून अपेक्षा तिथपर्यंतची ठेवायला हवी.

हरलेला प्रश्न

सहापैकी जे पाच प्रश्न हरले त्यांतला एक २०२२ मध्ये परत आला: लाँजिट्यूड प्राइझ ऑन डिमेन्शिया. निधी ४४ लाख २० हजार पौंडांचा, इनोव्हेट यूके आणि अल्झायमर्स सोसायटी यांचा. या वेळी मतदान झालं नाही. पण रचना पाहिली की पहिल्या दहा वर्षांत काय शिकलं गेलं ते आकड्यांतच दिसतं. २४ संघांना प्रत्येकी ८० हजार पौंड सुरुवातीलाच. त्यांतून निवडलेल्या पाच संघांना प्रत्येकी तीन लाख. विजेत्यासाठी दहा लाख. म्हणजे तीन-चतुर्थांशाहून जास्त पैसा निकालाआधीच काम करणाऱ्यांच्या हाती.

आणि स्वतः डिमेन्शियासह जगणारी माणसं आणि त्यांना सांभाळणारे नातेवाईक यांचा एक सल्लागार गट या संघांबरोबर बसवण्यात आला. चष्मा कुठे ठेवला हे विसरणाऱ्याला यंत्र चार्ज करायचं लक्षात राहील का, बोलणारा आवाज अचानक आला तर भीती वाटेल का, असे प्रश्न तिथे विचारता येतात. २०१४ मध्ये जिथे मतपेटी बंद झाली होती, नेमक्या त्या जागी या माणसांना खुर्ची मिळाली.